उपाशी वाकळ

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, म्हणजे आधार कार्डाप्रमाणे. खरं वय आईलाच ठाऊक होतं, आणि ती एवढंच सांगायची की, तू झालास तेव्हा भात पोटरीला आलं होतं. त्यावरून कार्डवाल्यानं अंदाजानं एक साल लिहिलं. वय थोडं वाढवूनच लिहिलं असावं, पण मी हरकत घेतली नाही. म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये जागा मिळते आणि पंगतीत आधी वाढतात. त्याच वाढीव वयानं पुढं मला चारचौघांत कसं उभं केलं, ते सांगायला बसलोय.

आमचं घर कर्नाटकात, जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाडा गावाच्या पुढं, रानात. चार घरं आहेत, चारही भावकीची, त्यामुळं बोलणंचालणं दोनच घरांत आहे. मी मराठी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. मराठी वाचतो, सावकाश. कन्नड बोलतो, कन्नडमध्ये भांडतो, बाजारात घासाघीस करतो, पण वाचता येत नाही. ही गोष्ट मी आयुष्यभर कुणाला कळू दिली नव्हती. बस कुठं जाते ते मी पाटीवरून नाही, ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखतो.

दुसरी गोष्ट, मी कुणाकडून फुकटचं काही घेतलेलं नाही. एका थंडीत पंचायतीनं घोंगडी वाटली, तेव्हा मी घरात असून नसल्यासारखा बसून राहिलो. माणूस हाका मारून निघून गेला. बायको म्हणाली, "घोंगडं चांगलं होतं हो." मी म्हटलं, "असंल." आणि त्या थंडीत चुलीजवळ झोपलो.

त्या साली हुबळीच्या एका संस्थेनं आमच्याकडच्या बायकांच्या संघांना सांगितलं, की हातानं शिवलेल्या वाकळा दान द्या, आम्ही त्या गरिबांना वाटू. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, धावदोरा घालून केलेलं पांघरूण. आमच्याकडं सुगी आटोपली की घरोघरी बायका तेच काम घेऊन बसतात. प्रत्येकीनं एक वाकळ द्यायची असं ठरलं. माझ्या बायकोनं सगळ्यांत आधी नाव लिहून दिलं. तिच्या हातची वाकळ आमच्या भागात ओळखली जाते. टाका असा, की पुढून बघा नाहीतर मागून बघा, उलटं-सुलटं कळत नाही.

नाव दिलं आणि चौथ्या दिवशी ती ओढ्यावरच्या दगडावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. दांडेलीला नेऊन प्लास्टर घातलं. घरी आली ती हात गळ्यात अडकवून, आणि पहिला शब्द काढला तो वाकळीचा.

माझी वहिनी शेजारच्याच घरात राहते. थोरल्या भावाची बायको, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि जिभेनं त्याहून मोठी. ती अंगणात येऊन बायकोला म्हणाली, "तू कशाला जीव टाकतीस? माझी झाली की तुझी मी शिवते."

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मी खुराड्याची फळी ठोकत होतो, आणि मला राहवलं नाही.

"वाकळ म्हंजे काय एवढं मोठं? मी शिवतो," मी म्हटलं.

वहिनीनं माझ्याकडं वरून खाली पाहिलं. "भावजी, सुई कुठल्या बाजूनं धरत्यात, ठाऊक हाय काय?"

"रामनगरच्या भाताच्या गिरणीत माझ्या हातनं पोती शिवून गेलीत. कुठं एक उसवलं असलं तर आणून दाव."

"पोतं पांघरून कोन झोपत न्हाई."

"थंडी पडली की झोपत्यात."

"मग शिवा," वहिनी म्हणाली. "बगूया."

त्या 'बगूया'नं माझं सगळं बिघडवलं. नाहीतर मी मागं हटलो असतो. बायको उठली. आत जाऊन तिनं डाव्या हातानं ट्रंकेतून लुगडी काढली, त्यात तिचं लग्नानंतरचं पहिलं हिरवंही होतं. ते लुगडं मी ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

पहिले दोन दिवस मी गोठ्यामागं बसून शिवलं. पुरुषमाणूस वाकळ शिवतोय हे वाटेवरून दिसू नये, एवढ्यासाठी. बायको पाट घेऊन समोर बसायची. तिचा मोडलेला हात गळ्यात होता, पण तोंड धड होतं.

"काय शिवूलालासा, पोतं?"

"वाकळ."

"एवढा टाका? त्यातनं उंदीर जाईल."

"मग जाऊ दे, त्येलाबी थंडी वाजत असंल."

मी आधी दाभणच घेऊन बसलो होतो. दाभणानं लुगड्याला जी भोकं पडली ती बघून तिनं ते उचललं आणि आढ्याला खोचून ठेवलं. मग बारीक सुई. बारीक सुई माझ्या बोटांना सापडेना. टोचली की मी आवाज करायचो नाही, पण बोट तोंडात घातलं की तिला कळायचं. दोरा ओवायला ती लागायची, आणि तिला एका हातानं ओवता येत नव्हता. मग मी सुई धरायची आणि तिनं डाव्या हातानं दोरा घालायचा. लग्नाला पन्नासएक वर्षं होत आली, पण एवढा वेळ आम्ही एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो. बोलणं सगळं भांडणाचंच होतं.

कोपऱ्यांशी पोचलो तेव्हा हाताच्या सवयीनं मी पोत्याला ठेवतात तसे कान ठेवले. पोत्याच्या टोकाला कापडाचा गठ्ठा करून दोन वेढे मारतात, हमालाला धरायला. चारी कोपऱ्यांना चार कान झाले. झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

"हे काय?" बायकोनं विचारलं.

"कान."

"वाकळीला कान?"

"धरायला. झटकायला सोपी पडतीय."

"उसवा."

"मी घातलेला टाका मी उसवत न्हाई," मी म्हटलं. ते खरंच होतं. गिरणीतही मी कधी उसवलं नाही. चुकलं तर त्यावर दुसरा टाका घालायचो.

वहिनी येऊन कान बघून गेली, आणि संघात सांगून आली, की भावजींची वाकळ कान टवकारून बसलीय, तिच्यापुढं कुणी काही बोलू नका.

आता पोटाचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आलं. वाकळ कडेनं शिवत शिवत आत यायचं असतं. शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा उरते. तिला पोट म्हणतात. ते बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा एक तुकडा ठेवायचा, मगच शेवटचा टाका. नाहीतर वाकळ उपाशी राहते आणि अंगावर घेणाऱ्याला ऊब देत नाही. आमच्या बायका हे देवाच्या कामासारखं करतात. माझी बायको तर त्याहून. ती लहान असताना एका साली घरात तांदळाचा दाणा नव्हता, आणि आईनं शेजाऱ्याची वाकळ शिवायला घेतली होती. तेव्हा आईनं रानातनं कणगं उकरून आणलं, उकडलं, आणि पोरांच्या तोंडात घालायच्या आधी त्याचा पहिला तुकडा वाकळीत घातला. ही गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितलीय. आणि दरवेळी शेवटी एकच वाक्य असतं, "आमच्या हातची वाकळ उपाशी घरातनं गेली न्हाई."

तिसऱ्या दिवशी संस्थेच्या बाई जीपनं आमच्याकडं आल्या. सगळ्या बायकांना वहिनीच्या अंगणात जमवलं. बाई चांगल्या होत्या, मराठी बोलायच्या, पण पुस्तकातली. त्या म्हणाल्या, "एक गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही आत भाकरी वगैरे घालता असं मी ऐकलंय. कृपा करून घालू नका. मुंग्या लागतात, उंदीर येतात. आरोग्याच्या दृष्टीनं ते योग्य नाही."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. माझ्या बायकोनंही हलवली. मीही हलवली. फरक एवढाच, की मी एकट्यानं ती मनापासून हलवली.

मग बाईंना माझी वाकळ दाखवण्यात आली. हसं व्हावं म्हणून वहिनीनंच मला पुढं काढलं होतं. पण झालं उलटं.

"आजोबा, तुम्ही शिवताय?" बाईंनी हात जोडले. "पुरुष असून! किती मोठी गोष्ट आहे ही. आणि भाकरीचं तुम्हाला पटलं ना?"

"पटलं की," मी म्हटलं. "अडाणी समजुती हायत त्या."

"बघा," बाई बायकांना म्हणाल्या, "आजोबांना कळतं." आणि माझा फोटो काढला. मांडीवर वाकळ, हातात सुई, आणि एक कान पुढं आलेला.

त्या दिवसापासून मी गोठ्यामागं बसलो नाही. पुढच्या सोप्यात, वाटेवरून दिसेल असा बसलो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय, आज्जा?" मी सांगायचो, "दान द्यायची हाय. गरिबाला." त्या गरिबाचं तोंडसुद्धा मी ठरवून टाकलं होतं. हुबळीच्या स्टेशनावर भिंतीला टेकून झोपणारा कुणी म्हातारा. दाढी वाढलेली, पोरं विचारत नाहीत. त्याची मला फार कीव यायची. टाका घालताना मी मनात म्हणायचो, घे बाबा, माझ्याच वयाचा असशील, पण एकेकाचं नशीब.

शेवटच्या दिवशी दुपारी बायकोनं नाचणीच्या भाकरीचा तुकडा केळीच्या पानात गुंडाळून माझ्यापुढं ठेवला.

"बाई नको म्हणालीय," मी म्हटलं.

"बाई नको म्हणनारच. शहरातली हाय. तुमी घाला."

"मी शब्द दिलाय तिला."

"मला दिला न्हाईसा काय? वाकळ माझ्या नावानं चाललीय." तेवढ्यात गाय ओरडली, आणि ती उठताना म्हणाली, "मी येऊस्तोवर घाला आनि पोट मिटवा. हसण्यावारी न्हेऊ नगा. एवढं एक माझं राखा."

ती गेली. मी पान उघडलं. तुकडा गरम होता. एका बाजूला बायकोची समजूत, आणि दुसऱ्या बाजूला फोटो काढणारी बाई, जी सगळ्यांपुढं म्हणाली होती की आजोबांना कळतं. मी बाईच्या बाजूनं गेलो. पोट रिकामंच मिटवलं, वर दोन टाके जास्तीचे घातले. आता तुकड्याचं काय करायचं? कोंबड्यांना टाकला असता तर ती परत येताना बघणार. अन्न फेकायचं नाही हे आईनं शिकवलेलं. मग मी तो खाल्ला.

ती आली. "घातलासा?"

"घातला."

खोटं बोललो असं तेव्हा मला वाटलं नाही. भाकरी पोटात गेली होती, कुणाच्या का असेना. तिनं बोट लावून बघितलं असतं तर तिथंच कळलं असतं, कारण तुकडा हाताला लागतो, आणि वाळून कडक झाला की वर्षभर लागत राहतो. पण तिनं बघितलं नाही. मी 'घातला' म्हटल्यावर तिनं घडी करायला घेतली. मला त्याचंही काही वाटलं नाही, उलट सुटलो असं वाटलं.

वाकळा संस्थेच्या जोयड्यातल्या जागेत नेऊन द्यायच्या होत्या, बसस्टँडच्या जवळ. बाकीच्यांच्या वाकळा एका जीपमध्ये घालून गेल्या. माझी मी स्वतः घेऊन गेलो. दारातल्या शिपायानं ती माझ्या हातातनं घेतली आणि ढिगावर टाकली. दोन कानांना धरून टाकली, हे मी बघितलं. मग त्यानं आत जाऊन कागद भरायला सांगितलं.

आत दोन टेबलं होती. एका टेबलापुढं बायका उभ्या होत्या, गर्दी करून. दुसऱ्यापुढं खुर्च्या मांडलेल्या, आणि त्यावर माझ्यासारखे वयस्क लोक बसलेले. दोन्ही टेबलांवर पाट्या होत्या, कन्नडमध्ये. मी विचार केला, ज्यांना खुर्ची देतात ते मानाचं टेबल. तिकडं जाऊन बसलो.

टेबलावरची मुलगी नीट बोलायची. कन्नडमध्ये विचारत होती आणि लिहून घेत होती.

"अज्जा, वय?"

"एकाहत्तर. आधारला बगा."

"मुलं सांभाळतात का?"

आता, माझा मुलगा गोव्यात आहे, दर सणाला येतो, येताना पिशव्या भरून आणतो. पण स्वतःच्या मुलाची चारचौघांत वाखाणणी काय करायची? म्हटलं, "तो त्येच्या कामात, बाई."

तिनं लिहिलं.

"जमीन?"

"हाय थोडकी." मोठं सांगणं मला आवडत नाही.

"उत्पन्न काय असतं?"

"कसलं उत्पन्न! देव देतोय तेवढं."

"रात्री थंडी वाजते का?"

मला हा प्रश्न चांगला वाटला. मानाच्या माणसाची विचारपूस करावी तशी ती करतेय, असं वाटलं. म्हटलं, "जोयड्याची थंडी, पोरी. वाजनारच की."

तिनं लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं फिरवला. "वाचून बघा, अज्जा. की मी वाचून दाखवू?"

शेजारच्या खुर्चीवर एक जण बसला होता. तो माझ्याकडंच बघत होता.

"सही कुठं करायची तेवढं सांग," मी म्हटलं.

"अंगठा असेल तरी चालेल."

"सही," मी म्हटलं. आणि केली. खाली एक रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली, शाळेत मास्तरांनी शिकवली होती तशी.

आठ दिवसांनी कार्यक्रम होता. निरोप आला की तुमचं नाव यादीत आहे, नक्की या. मी धोतर नीळ घालून धुवायला लावलं. बायको म्हणाली, "सासुरवाडीला निघाल्यागत चाललासा." मी म्हटलं, "सत्कार हाय." मी माझा पांढरा सदरा घातला, तोच, ज्यात बाईंनी फोटो काढला होता.

हॉल भरला होता. संघाच्या बायका उजवीकडं, त्यात माझी बायको आणि वहिनी. मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. स्टेजवर पाहुणे, हार, समई. एक माणूस माइकवरून कन्नडमध्ये नावं पुकारत होता. माझं नाव आलं, बापाचं नाव, गावाचं नाव. मी उठलो, टोपी सारखी केली, आणि पायऱ्या कुणाचा हात न धरता चढलो. पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर काहीतरी पांघरलं. शाल असेल म्हणून मी मान थोडी वाकवली.

शालीपेक्षा ते जड होतं. डोळ्याच्या कडेला मला कान दिसला.

पाहुण्यांनी ती दोन कानांना धरूनच उचलली होती. त्यांना धरायला सोपी गेली. ते बघून क्षणभर मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मग माइकवरचा माणूस काय बोलतोय ते कानावर आलं. ज्यांना कुणी बघायला नाही, थंडीत ज्यांना पांघरूण नाही, अशा आपल्या तालुक्यातल्या वृद्धांसाठी ही मायेची ऊब, असं काहीतरी तो बोलत होता. कन्नड मला उत्तम कळतं.

"ही माझी हाय," मी पाहुण्यांना म्हटलं.

"होय होय, अज्जा. तुमचीच."

"तसं न्हाई. मी शिवलीय ही."

"अज्जांना भरून आलंय," माइकवरचा माणूस म्हणाला, आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या.

खांद्यावरून काढून टाकावी असं मनात आलं होतं. पण यादीत नाव माझं, कागदावर सही माझी, तीही रेघ आणि टिंबं देऊन. घेणार नाही म्हणावं तर कागद न वाचता सही केली हे सांगावं लागणार, आणि का वाचला नाही तेही. दोन लाजांतली एक घ्यायची होती. मी खांद्यावरची घेतली आणि उभा राहिलो. तेवढ्यात संस्थेच्या त्याच बाई मोबाईल घेऊन पुढं आल्या. "आजोबा, इकडं बघा. थोडं हसा ना." त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्याकडं आता माझे दोन फोटो आहेत. एकात मी देतोय, एकात घेतोय, आणि दोन्हीत सदरा एकच आहे.

परतीच्या बसमध्ये वहिनी माझ्यामागच्या सीटवर बसली. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तयारी करत होती.

"भावजी," ती शेवटी म्हणाली, "थंडी सोसना झालीया तर घरात सांगायचं. आमी दिली असती की एक."

बायका हसल्या. कंडक्टरही हसला, त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. माझी बायको हसली नाही. वाकळ तिच्या मांडीवर होती. तिचा प्लास्टर नसलेला हात वाकळीवरून फिरत होता, तिच्या सवयीप्रमाणे कडेकडेनं, टाके मोजल्यासारखा. फिरत फिरत मधोमध आला. तिथं थांबला. मग एका बोटानं दाबून बघितलं. पुन्हा दाबून बघितलं. घर येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

घरी आल्यावर तिनं सोप्यात वाकळ अंथरली. अजून उजेड होता.

"पोट कुठं हाय?"

"मधी."

"मधी काय न्हाई."

मी टोपी खुंटीला लावली. खुंटीला लावायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्त लावला.

"तुकडा काय केलासा?"

"खाल्ला."

तिला आधी कळलंच नाही. "कुनी?"

"मी."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण बरोबरीत सुटलं असतं. ती खाली बसली आणि हातानं वाकळ सारखी करायला लागली, जिथं सारखी करायला काही नव्हतं तिथंही.

"माझ्या आयनं पोरांच्या तोंडचं काढून घातलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी वाकळीच्या तोंडचं काढून खाल्लासा. जेवून उठला व्हतासा त्या दिवशी. भूकबी न्हवती."

मी म्हटलं, बाईनं नको म्हटलं होतं.

"समद्यांना म्हटलं व्हतं. समद्यांनी घातली. तुमच्या वहिनीनं तर गूळ लावून घातली." मग म्हणाली, "बरं झालं, घरला आली. दुसऱ्याच्या दारात उपाशी ऱ्हायली असती माझ्या नावानं."

एवढी मोठी संस्था, यादी, स्टेज, पाहुणे, आणि इतक्या माणसांतनं ती बरोबर माझ्याच खांद्यावर आली. मी असल्या समजुतींना अडाणी म्हणणारा माणूस. तिनं वाकळीची घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवली. त्या रात्री ती आम्हा दोघांपैकी कुणी पांघरली नाही.

सकाळी उठलो तेव्हा ती चुलीपुढं होती. प्लास्टरच्या हाताचा नुसता आधार घेऊन, डाव्या हातानं ती नाचणीची भाकरी थापत होती. वेडीवाकडी होत होती, पण होत होती. मी वाकळ घेऊन तिच्यापुढं बसलो आणि ब्लेडनं पोटाचे टाके कापायला लागलो. जास्तीचे दोन घातले होते, ते आधी कापावे लागले. तिनं बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती पहिली भाकरी उतरली, तेव्हा मी हात पुढं केला. तिनं एक तुकडा मोडून हातावर ठेवला. मी तो वाकळीच्या पोटात सरकवला.

"आ करा," ती म्हणाली.

"काय?"

"तोंड उघडा. बगू दे."

मी तोंड उघडलं. तिनं चुलीच्या उजेडात नीट बघितलं, दोन्ही गालांकडं. मग वाकळीवर बोटानं दाबून बघितलं, आणि सुईत दोरा घालायला सरसावली. मी सुई धरली. टाका मी घातला, बारीक. कान उसवू का, मी विचारलं. "ऱ्हाऊ देत," ती म्हणाली, "धरायला बरं पडतंय."

पहिल्या बसनं जोयड्याला गेलो. संस्थेच्या जागेत तीच मुलगी एकटी बसून कागद लावत होती. मी वाकळ टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "अज्जा, ही परत घेता येत नाही. तुम्हाला मिळाल्याची नोंद झालीय."

"परत न्हाई देत. दान देतोय. देनाऱ्याचा कागद काढ."

तिनं दुसरा गठ्ठा ओढला, एक कागद काढला, आणि देणाऱ्याचं नाव विचारलं. मी बायकोचं नाव सांगितलं. बाकीचं तिनं भरलं आणि कागद माझ्याकडं फिरवून पेन पुढं केलं. मी पेन घेतलं नाही. खुर्ची ओढून बसलो.

"पयल्यापासनं वाच," मी म्हटलं. "मला कन्नड वाचाय येत न्हाई."